‘बॉयकॉट’ : एका इंग्रज साहेबाचे आडनाव आणि आपल्या गावचा बहिष्कार

‘बॉयकॉट’ हा शब्द आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. सिनेमा आवडला नाही, बॉयकॉट. परदेशी कंपनीचा राग आला, बॉयकॉट. विद्यार्थी परीक्षेवर बहिष्कार टाकतात, विरोधी पक्ष अधिवेशनावर टाकतो, एखादे गाव रस्त्यासाठी मतदानावर टाकते. आणि त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, एका कॉलमात बातमी असते : अमुक तालुक्यातील अमुक गावात बौद्ध कुटुंबांवर सामाजिक बहिष्कार, किराणा व पिठाची गिरणी बंद.

दोन्ही बातम्यांत शब्द एकच आहे. पण घटना एकच आहे का? मतदानावर बहिष्कार टाकणारे गाव आणि वस्तीचे दळण बंद करणारे गाव एकच कृती करत आहेत का?

हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. बहिष्काराची तक्रार घेऊन आपण पोलीस ठाण्यात जातो तेव्हा समोरून ठरलेले उत्तर येते : “कुणी कुणाशी बोलावे, कुणाला माल विकावा, ही ज्याची त्याची मर्जी. तुम्हीपण बहिष्कार घालताच की!” या उत्तरापुढे आपले अनेक तरुण कार्यकर्ते गडबडतात, कारण या शब्दाचा इतिहास आपल्याला शाळेत कुणी शिकवलेला नाही. तो समजून घेतला की उत्तर देणे अवघड जात नाही.

साहेब कोण होता?

‘बॉयकॉट’ हे एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा १८३२ साली इंग्लंडच्या नॉरफोक भागात जन्मला. तरुणपणी थोडा काळ सैन्यात होता, पुढे आयर्लंडला गेला. लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणत, पण सैन्यात त्याला ते पद कधी मिळालेले नव्हते. १८७० च्या दशकात तो आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो जिल्ह्यात, लॉक मास्क नावाच्या तळ्याकाठी राहायला आला. तिथे लॉर्ड अर्न या बड्या जमीनदाराच्या जमिनीचा तो कारभारी झाला. कुळांकडून खंड वसूल करायचा, खंड थकला तर नोटीस काढायची आणि नोटिशीनंतर कुळाला जमिनीवरून हुसकावायचे, हे त्याचे काम. आपल्या कोकणातील खोताचा कारभारी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा माणूस समजेल.

त्या काळचा आयर्लंडही समजून घेतला पाहिजे. जमीन मूठभर जमीनदारांची, त्यातले अनेक आयर्लंडमध्ये राहतही नव्हते. कसणारा मात्र आयरिश कूळ. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली. तितकीच देश सोडून गेली. त्या काळातही देशाबाहेर धान्य जात होते आणि खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढले जात होते. १८७९ साली पुन्हा पिके बुडाली. लोकांना आधीच्या दुष्काळाची आठवण होती आणि या वेळी त्यांनी मुकाट्याने मरायचे नाही असे ठरवले.

त्याच वर्षी आयरिश राष्ट्रीय लँड लीग स्थापन झाली. तिच्यामागचा मुख्य माणूस मायकेल डेव्हिट. तो मेयोचाच. लहानपणी त्याच्या कुटुंबाला जमिनीवरून हुसकावले गेले, ते इंग्लंडला गेले आणि वयाच्या ११व्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. लीगचा अध्यक्ष झाला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. तो स्वतः जमीनदार होता, पण कुळांच्या बाजूने उभा राहिला. मागण्या तीन होत्या : खंड रास्त असावा, खंड देणाऱ्या कुळाला हुसकावता येऊ नये आणि कुळाला आपला हक्क विकता यावा.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावी पार्नेलचे भाषण झाले. त्याने सभेला विचारले, शेजाऱ्याला हुसकावून रिकामी झालेली जमीन जो कूळ स्वतः घेतो, त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. त्याला एकटे पाडा. रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळातसुद्धा त्याच्याशी संबंध ठेवू नका. जुन्या काळी महारोग्याला जसे दूर ठेवत, तसे त्याला ठेवा.

ही महारोग्याची उपमा लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

सलगमामागे एक शिलिंग

लॉक मास्कच्या कुळांनी त्या वर्षी खंडात २५ टक्के सूट मागितली. लॉर्ड अर्न १० टक्क्यांवर अडला. बॉयकॉटने नोटिसा काढल्या. सप्टेंबरमध्ये बेलीफ पोलिसांना घेऊन नोटिसा बजावायला निघाला, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी चिखल, शेण आणि दगड मारून त्याला पळवून लावले. लढ्याची सुरुवात या बायकांनी केली. शब्दाच्या इतिहासात साहेबाचे आडनाव राहिले, त्या बायका मात्र विसरल्या गेल्या.

त्यानंतर बॉयकॉटचे शेतमजूर काम सोडून गेले. घरगडी गेले. लोहाराने घोड्याला नाल ठोकायचे नाकारले, कपडे धुणारीने कपडे घेतले नाहीत, गावातल्या दुकानदारांनी माल दिला नाही, टपाल आणणाऱ्या पोरानेही येणे बंद केले. सगळ्यांनी हे खुशीने केले असे नाही. काहींवर गावाचा दबाव होता, धमक्याही होत्या. पण साहेबाच्या अंगाला कुणी हात लावला नाही. शेतात सलगम आणि बटाटे तयार आणि काढायला माणूस नाही.

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली. ऑक्टोबरमध्ये ते छापून आले आणि इंग्लंडभर खळबळ उडाली. उत्तरेकडील जिल्ह्यांतून ५० प्रोटेस्टंट स्वयंसेवक पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे १,००० सैनिक व पोलीस पाठवले. पीक साधारण ५०० पौंडांचे आणि ते काढण्याचा खर्च सुमारे १०,००० पौंड! पार्नेलने चेष्टा केली की सरकारला एकेका सलगमामागे एक शिलिंग पडला. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी बॉयकॉटने आयर्लंड सोडले. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, ग्लॅडस्टन सरकारने एका हाताने दडपशाहीचा कायदा आणला आणि दुसऱ्या हाताने जमिनीचा कायदा करून कुळांच्या तिन्ही मागण्या बऱ्याच अंशी मान्य केल्या.

मित्रहो, एक गोष्ट नोंदवून ठेवा. गरिबांनी श्रीमंताची चाकरी थांबवली, तेव्हा सरकारला हजार माणसांची फौज पाठवण्याची घाई झाली. आपल्याकडे श्रीमंतांनी गरिबांचे दळण थांबवले, की हेच सरकार म्हणते, “आपसात मिटवा.”

शब्द कसा जन्मला?

त्या भागात फादर जॉन ओ'मॅली हे कुळांच्या बाजूचे धर्मगुरू होते आणि जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार बातम्यांसाठी आला होता. रेडपाथने लिहून ठेवलेल्या हकिगतीनुसार, या कृतीला नाव काय द्यावे असा प्रश्न त्याला पडला. इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द होता, पण तो शिकलेल्यांचा. शेतकऱ्यांच्या तोंडी तो कसा बसणार? ओ'मॅलींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘त्याला बॉयकॉट करणे’ म्हटले तर? त्याच वर्षअखेर हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी भाषांतही गेला. साहेब १८९७ साली वारला. जिवंतपणीच त्याचे नाव क्रियापद झाले होते.

हा रेडपाथ कोण होता, हेही आपल्याला माहीत असावे. तो अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीतला पत्रकार. गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र उचलून फाशी गेलेल्या जॉन ब्राउनचे चरित्र त्याने १८६० साली लिहिले. म्हणजे ज्या अमेरिकन चळवळीकडे पाहून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्या चळवळीतला माणूस या शब्दाच्या बारशाला हजर होता.

आणि तो नाकारलेला शब्द, ‘ऑस्ट्रसाइज’? तो ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’वरून आला. त्याचा अर्थ खापराचा तुकडा. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापरीवर एखाद्याचे नाव कोरून मत देत आणि त्याला १० वर्षांसाठी शहराबाहेर पाठवत. हे कुणावर होई? डोईजड झालेल्या पुढाऱ्यावर. त्याची मालमत्ता जप्त होत नसे आणि मुदत संपली की तो मानाने परत येई. (अर्थात गुलामांना आणि स्त्रियांना तिथे मत नव्हतेच.) आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवा. चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि फुटक्या भांड्यात खावे, असे तिथे सांगितले आहे. खापर तिथेही आहे आणि इथेही. तिथे ते बलवानाला काही वर्षे बाहेर काढण्याचे साधन होते. इथे ते दुबळ्याला जन्मभर बाहेर ठेवल्याची खूण होती. आमच्या बहिष्काराला मुदत नव्हती, गुन्हा नव्हता आणि मतदानही नव्हते. जन्म हाच पुरावा.

आमच्याकडे शब्द आधीपासूनच होता

इंग्रजीला या कृतीसाठी १८८० मध्ये नवा शब्द घडवावा लागला. मराठीला त्याची गरज नव्हती. बहिष्कार, वाळीत टाकणे, जातीबाहेर काढणे, ग्रामण्य असे शब्दांचे भांडारच होते. ‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणे. पण बाहेर करायचे कुठून? जातीतून, पंगतीतून, गावातून. म्हणजे हा शब्द मुळातच आत बसलेल्याच्या तोंडचा आहे. ज्याच्या हाती दार आहे, तोच दुसऱ्याला बाहेर करू शकतो.

ग्रामण्य ब्राह्मणांतही होत असे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली काही प्रतिष्ठित मंडळी जमली, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली आणि सनातन्यांनी एवढे काहूर माजवले की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. हे उदाहरण देऊन काही जण म्हणतात, बघा, बहिष्कार सगळ्यांवरच होता. बरोबर आहे. पण फरक प्रायश्चित्तात आहे. ब्राह्मणाला प्रायश्चित्त घेऊन परत आत येता येत होते. महार, मांग, चांभारासाठी कोणते प्रायश्चित्त होते? जो कधी आत नव्हताच, तो परत येणार कुठे?

पुढे १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि विदेशी मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही टिळकांची चतुःसूत्री. इथे ‘बहिष्कार’ हा जुना शब्द ‘बॉयकॉट’च्या नव्या अर्थाने वापरला गेला. परक्या सत्तेचा माल घेणार नाही, हा दुबळ्याचा नकार होता, त्याचे मोल कमी नाही. पण त्याच काळात, त्याच मुलखातील गावांत, त्याच शब्दाचा जुना अर्थ रोज अमलात येत होता. मँचेस्टरच्या कापडावर बहिष्कार टाकायचा असतो हे शिकलेल्या देशाला, आपल्या वेशीबाहेरच्या माणसांवर आपणच टाकलेला बहिष्कार दिसत नव्हता.

हा विरोधाभास १९२८ साली अगदी उघडा पडला. सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला. बाबासाहेबांनी मात्र पुण्यात कमिशनपुढे साक्ष दिली. त्यांना देशद्रोही ठरवणाऱ्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला नाही : ज्यांना तुम्ही हजारो वर्षे बहिष्कृत ठेवले, ते तुमच्या बहिष्कारात तुमच्या सांगण्यावरून का सामील होतील? ज्याला कधी कुणी विचारलेच नाही, त्याने पहिल्यांदा विचारणा झाल्यावर तोंड बंद ठेवायचे?

बाबासाहेबांनी शब्द उलटा केला

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी संस्था काढली, तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. ३ एप्रिल १९२७ रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. ही नावे वाचताना आपण थांबून विचार करत नाही. सरकारी कागदांत तेव्हा ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणजे ‘दलित, दबलेले वर्ग’ असा शब्द होता. ‘अस्पृश्य’ म्हटले की जणू दोष आमच्या अंगात आहे असे वाटते. ‘बहिष्कृत’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : कुणी बहिष्कृत केले? हा शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठमोठ्या ग्रंथांतून जे शिकावे लागते, ते बाबासाहेबांनी एका नावात सांगितले.

‘बहिष्कृत भारत’ निघण्याच्या दोनच आठवडे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो होतो. महाडच्या त्या परिषदेत मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असाही संदेश दिला गेला. याकडे शब्दाच्या अंगाने पाहा. मेलेले जनावर ओढायला नकार देणे म्हणजे काय? लॉक मास्कच्या मजुरांनी जे केले तेच. ‘ज्या कामावर तुमचे गाव चालते आणि ज्या कामामुळे आम्ही हीन ठरतो, ते काम आम्ही करणार नाही.’ हा आपला बॉयकॉट होता.

आणि त्याचे उत्तर काय मिळाले? गावोगाव बलुते बंद, मजुरी बंद, दुकान बंद, रस्ता बंद. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्टे समिती नेमली. तिच्यात बाबासाहेब होते, डॉ. सोळंकी होते, ठक्कर बाप्पाही होते. मार्च १९३० च्या अहवालात समितीने गावातल्या या बहिष्काराचे वर्णन केले आहे. जमिनीवरून काढणे, काम न देणे, गावकीच्या नोकराचा हक्काचा मोबदला अडवणे, वापरातला रस्ता आणि वाण्याचे दुकान बंद करणे. आणि निमित्त काय? बहुतेक वेळा सार्वजनिक विहिरीचा हक्क बजावणे. पण कधी जानवे घालणे, कधी जमीन विकत घेणे, कधी चांगले कपडे-दागिने, कधी नवरदेवाची घोड्यावरून वरात. ९० वर्षांहून जुना अहवाल आहे. आजच्या बातम्यांतली निमित्ते याहून फार वेगळी आहेत का?

याच वर्षी, १९३० च्या अखेरीस, बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले आणि त्यांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह अल्पसंख्याक समितीपुढे निवेदन ठेवले. त्यात एक मागणी होती : बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवा. नमुना म्हणून त्यांनी १९२२ चा ब्रह्मदेशाचा बहिष्कारविरोधी कायदा घेतला. प्रत्यक्ष बहिष्कार घालणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे, असे तीन वेगळे गुन्हे त्यांनी मांडले. घर किंवा जमीन वापरू न देणे, व्यवहार न करणे, मजुरीला न लावणे, सेवा न देणे, असे सगळे प्रकार व्याख्येत घातले.

पण त्या मसुद्यातल्या दोन तरतुदी आपल्या आजच्या प्रश्नाचे नेमके उत्तर आहेत. पहिली : एखाद्याने कुणाच्याही चिथावणीशिवाय, कुणाशीही संगनमत न करता, स्वतःपुरता व्यवहार नाकारला, तर तो गुन्हा नाही. म्हणजे ‘ज्याची त्याची मर्जी’ या युक्तिवादाचा विचार बाबासाहेबांनी आधीच केला होता. मर्जी एकाची असते. सगळ्या गावाची ‘मर्जी’ एकाच दिवशी, एकाच वस्तीविरुद्ध फिरते, तेव्हा ती मर्जी नसून कट असतो. दुसरी : खऱ्याखुऱ्या कामगार तंट्यासाठी केलेली कृती बहिष्कार धरली जाणार नाही. म्हणजे संप करणारा मजूर आणि दळण बंद करणारा पाटील यांना एका पारड्यात तोलू नका, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले.

ज्या ब्रह्मदेशाच्या कायद्याचा आधार घेतला, तिथेच बहिष्काराची एक बौद्ध परंपराही आहे, हे अनेकांना माहीत नसेल. विनयपिटकात ‘पत्तनिक्कुज्जन’ म्हणजे भिक्षापात्र पालथे करणे सांगितले आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवीने भिक्खू दब्ब मल्लपुत्ताविरुद्ध खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्यासाठी पात्र पालथे केले, म्हणजे त्याचे दान घेणे थांबवले. त्याने चूक कबूल केल्यावर पात्र पुन्हा सरळ झाले. यात कुणाचे पाणी तोडले जात नाही. भिक्षेवर जगणाराच भिक्षा नाकारतो. २००७ मध्ये ब्रह्मदेशच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध हेच केले.

चरी आणि माँटगोमेरी

आयर्लंडची गोष्ट परकी वाटत असेल तर अलिबागजवळच्या चरी गावाकडे या. १९३३ पासून १९३९ पर्यंत तिथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. सहा वर्षे शेतकऱ्यांनी शेती केली नाही, लाकूडफाटा विकून आणि हाल सोसून दिवस काढले. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर नेला. जो नेता बहिष्काराला गुन्हा ठरवा म्हणत होता, तोच चरीच्या कुळांच्या संपामागे उभा होता. यात विसंगती नाही. वर सांगितलेला फरक त्यांना स्पष्ट होता, एवढेच.

हा फरक अमेरिकेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनाही छळत होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली आणि माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. सुरुवातीलाच किंग यांच्या मनात शंका आली : गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची नोकरी, कर्ज, उधारी बंद करतात, आपण तेच तर करत नाही ना? विचारांती त्यांना पटले की आपला हेतू बस कंपनी बुडवण्याचा नाही, अन्यायाला सहकार्य न करण्याचा आहे. त्यांनी पुढे ‘बॉयकॉट’ हा शब्दच फारसा वापरला नाही, ते ‘असहकार’ म्हणू लागले. हा बहिष्कार २० डिसेंबर १९५६ रोजी विजयी होऊन संपला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी.

या शब्दाची दुसरी बाजूही लपवू नये. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा शब्द तोच वापरला. आयर्लंडच्या कुळांनी घडवलेला शब्द साधारण ५० वर्षांत हिटलरच्या हाती गेला.

आता पार्नेलची महारोग्याची उपमा पुन्हा आठवा. त्याचे भाषण मुळात जमीनदाराविरुद्ध नव्हते, आपल्यातल्याच फुटीर कुळाविरुद्ध होते आणि त्यासाठी त्याने निरपराध आजारी माणसांवर समाजाने केलेला अन्याय आदर्श म्हणून वापरला. म्हणून आपल्यालाही सावध राहावे लागेल. समाजात मतभेद झाला की लगेच ‘याला वाळीत टाका’ म्हणणारे आपल्यातही आहेत. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या आईवडिलांना एकटे पाडणाऱ्या जातपंचायती अनेक जातींत आहेत. जे शस्त्र आपल्यावर चालले, ते आपल्या दुबळ्या माणसावर चालवणे हा आंबेडकरवाद नव्हे.

तीन प्रश्न

म्हणून कुठलाही बहिष्कार समोर आला की तीन प्रश्न विचारा.

१. कोण कुणाविरुद्ध करत आहे? हातात जमीन, दुकान, पाणवठा असणारा, की फक्त आपले श्रम आणि आपली खरेदी असणारा?

२. काय थांबवले जात आहे? आपली चाकरी आणि आपला पैसा, की समोरच्याचे पाणी, दळण, औषध, रस्ता?

३. कशासाठी? अन्याय थांबावा म्हणून, की हक्क मागितला याची शिक्षा म्हणून?

जुलै २०१६ मध्ये उना इथे मेलेल्या गायीची कातडी काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली आणि सांगितले, आता तुम्हीच उचला. तिन्ही प्रश्न लावून बघा, हा बहिष्कार महाडच्या परंपरेतला आहे. गावाने वस्तीचे दळण बंद केले त्यालाही हेच प्रश्न लावा, तो मनुस्मृतीच्या परंपरेतला आहे. “तुम्हीपण बहिष्कार घालताच की” याचे उत्तर हे आहे.

आता कायद्याविषयी, कारण इतिहास वाचून घरी बसायचे नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात बहिष्काराची व्याख्या आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे किंवा त्याची धमकी देणे हा स्पष्ट गुन्हा झाला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बाबासाहेबांनी १९३० मध्ये मागितलेली गोष्ट मिळायला एवढी वर्षे गेली. आता ती कागदावर राहू देऊ नका.

तक्रार लिहिताना ‘आमच्यावर बहिष्कार टाकला’ एवढ्या एका वाक्यावर थांबू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या गिरणीवर, कुणी, कोणत्या शब्दांत नकार दिला ते लिहा. त्याआधी कुठे बैठक झाली, कुणी दवंडी दिली, कोणत्या ग्रुपवर कुणाचा मेसेज फिरला ते लिहा आणि त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. एकाच दिवशी किती घरांना किती ठिकाणी नकार मिळाला, त्याची यादी करा. कारण सिद्ध करायचे आहे ते संगनमत. एकट्याची मर्जी आणि गावाचा कट यांतली रेषा बाबासाहेबांनी आखून दिली आहे, आपल्याला ती पुराव्याने भरायची आहे.

लॉक मास्कच्या बायकांकडे कायदा नव्हता, पोलीस त्यांच्या विरुद्ध होते, तरी त्यांनी साहेबाला घालवले. आपल्याकडे कायदा आहे आणि महाडचा वारसाही आहे. पुढच्या वेळी आपल्या तालुक्यातल्या वस्तीचे दळण बंद झाल्याची एका कॉलमाची बातमी दिसली, तर ती फक्त फॉरवर्ड करू नका. त्या वस्तीत जा.

जय भीम!